डिस्क घराबाहेर जाणार नाही

आमच्या लॅपटॉपला डिस्क घालायचा ट्रे आहे, हे मी सासऱ्यांना अभिमानाने सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं.

हल्लीच्या लॅपटॉपना असा ट्रे नसतो. ते वहीसारखे पातळ असतात आणि वहीसारखेच कुठेतरी गादीखाली सापडतात. आमचा जुन्या घडणीचा आहे. मांडीवर घेऊन बसलं तर थोड्या वेळाने मांडी आपली आहे की नाही अशी शंका येते. ऑफिसने जुनं सामान निकाली काढलं तेव्हा मी रीतसर अर्ज करून तो मिळवला होता. घरी आणला त्या दिवशी बायकोने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि निकाली कोणाकोणाला काढतात असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आस्थापना विभागात अधीक्षक म्हणून काम करणाऱ्या माणसाला कुठे उत्तर द्यायचं नाही एवढं कळतं.

तर सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. मेहुण्याच्या घरी रंगकाम निघालं आणि रंगाच्या वासाने नानांना खोकला होतो, म्हणून काही दिवसांसाठी ते आमच्याकडे आले होते. रंग वाळला की रविवारी मेहुणा गाडी घेऊन येणार आणि त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. नाना फार कमी बोलतात. इतक्या वर्षांच्या जावईपणात त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एकदा पंखा जरा कमी करता का, असं म्हणाले होते, तेवढंच.

म्हणून त्या संध्याकाळी चहा झाल्यावर ते आपली बॅग घेऊन माझ्यासमोर बसले तेव्हा मी सावरून बसलो. बॅगेतून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक डिस्क काढली. माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नाचं चित्रण होतं ते.

"यात तिचा आवाज आहे," नाना म्हणाले.

ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"चेहरा फोटोत आहे, तो रोज बघतो. आवाज कुठेच नाही. परवा आठवायला गेलो तर आठवेना. तुमच्याकडे हे चालतं का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हातातला ओला कप तसाच पदराला पुसला. मी लॅपटॉपवर थाप मारली आणि म्हणालो, "त्यात काय नाना, आत्ता लावतो."

हे वाक्य मला पुढे बरंच महागात पडलं.

नानांनी थोडं थांबायला सांगितलं. आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि लॅपटॉपसमोर ताठ बसले. मी ट्रे उघडला, डिस्क ठेवली, ट्रे आत ढकलला. डिस्क फिरल्याचा आवाज आला, हिरवा दिवा लुकलुकला. मग आवाज थांबला, दिवा विझला आणि काहीच झालं नाही. आम्ही वाट पाहिली. पडद्यावरचे सगळे कप्पे उघडून पाहिले. हार्ड डिस्क होती, तिच्याखाली जिथे ड्राइव्हचं चित्र असायला हवं तिथे पांढरी जागा होती. लॅपटॉपच्या दृष्टीने त्याला असा कुठला ड्राइव्हच नव्हता. स्वतःच्या कुशीत बसवलेला, स्वतःच्या विजेवर फिरणारा ड्राइव्ह तो ओळखायला तयार नव्हता. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. नाना म्हणाले, उद्या बघू, आणि इस्त्रीचा शर्ट घडी घालून ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशीही ते शर्ट घालून बसले, आणि तिसऱ्या दिवशीही. मला शर्टाकडे बघवेना.

सगळ्यात सोपा उपाय होता, डिस्क दुसऱ्या कोणाकडे लावायची. तो मी सुचवताच नानांनी मान हलवली. सासूबाईंच्या आवाजाची एक कॅसेट पूर्वी त्यांच्याकडे होती. तिची फीत अडकली म्हणून ती त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडे दुरुस्तीला दिली. तो माणूस भला होता, पण त्याने घर बदललं आणि कॅसेट त्या बदलात गेली ती गेलीच. "डिस्क घराबाहेर जाणार नाही," नाना म्हणाले. आयुष्यभर लोकांची पाकिटं सुखरूप पोचवलेल्या माणसाचं हे वाक्य, त्यावर काय वाद घालणार?

आमच्या इमारतीत कोणाकडे काही बिघडलं की ती बातमी जिन्याने चढत नाही, ती आधीच वर पोचलेली असते. पहिल्यांदा आले ते खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर. हे निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठ्याच्या मोठ्या नळांवर काम करत होते आणि जगातला कुठलाही दोष त्यांना कुठेतरी काहीतरी तुंबल्यासारखा दिसतो. गेल्याच महिन्यात माझा लॅपटॉप हळू चालतो हे पाहून त्यांनी नको ते प्रोग्रॅम काढून टाका, प्रवाह मोकळा होईल, असा सल्ला दिला होता. मीही मग एक रविवार बसून, ऑफिसात जुन्या फायली काढतो तसे एकेक प्रोग्रॅम तपासून काढून टाकले होते. डिस्कवर मजकूर उतरवायचा एक प्रोग्रॅम होता, आपल्याला कुठे काय उतरवायचंय म्हणून तोही काढला. लॅपटॉप खरोखर जरा हलका चालू लागला, त्यामुळे इंजिनिअरांचा सल्ला यावेळीही मी आदराने ऐकला.

ते म्हणाले, आत धूळ तुंबली आहे. लॅपटॉप उलटा धरा आणि पाठीवर थापटा.

नानांच्या डोळ्यांदेखत मी सासूबाईंच्या डिस्कसकट लॅपटॉप उलटा धरला आणि लहान मुलाला ढेकर काढायला थोपटतात तसा थोपटला. आतून टक्क असा आवाज आला. इंजिनिअर म्हणाले, निघालं. निघालं काहीच नव्हतं. उलट आतली डिस्क जागेवरून सरकून तिरकी बसली आणि आता ट्रेही उघडेना. बटण दाबलं की आत कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा, आणि ट्रे तसाच.

त्याच वेळी समोरच्या काकू आल्या. त्यांनी डिस्क टूथपेस्टने घासून घ्यायला सांगितलं. डिस्क आत अडकली आहे हे कळल्यावर त्या मनापासून हळहळल्या आणि जाताना बायकोला म्हणाल्या, माणसांना असल्या वस्तूंजवळ बसू देऊ नये. "माणसांना" हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला. तेव्हापासून बायको माझ्याशी फक्त मीठ, पाणी आणि दरवाजा या विषयांवर बोलू लागली.

मी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकवल्यावर एक अतिशय नम्र बाई बोलू लागल्या. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं, मला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला आणि उपाय सांगितला. लॅपटॉपबरोबर एक डिस्क मिळाली असेल. ती ड्राइव्हमध्ये घालायची. ड्राइव्ह ओळखण्याचा प्रोग्रॅम त्या डिस्कवर आहे.

मी म्हणालो, बाई, ड्राइव्ह ओळखला जात नाही म्हणून तर मी फोन केला.

त्या म्हणाल्या, हो सर, म्हणूनच ती डिस्क घालायची आहे.

आम्ही दोघांनी हा संवाद वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा केला. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली होती. मीही ऑफिसच्या खिडकीपलीकडच्या लोकांशी वर्षानुवर्षं असंच बोलत आलो आहे. शेवटी त्यांनी आणखी काही मदत करू का असं विचारलं. आणखी हा शब्द मला लागला, पण मी नको म्हणालो.

मग मी लॅपटॉप पिशवीत घालून ऑफिसच्या संगणक कक्षात नेला. डिस्क आत होती, म्हणजे ती घराबाहेर गेली, पण नाना तेव्हा झोपले होते आणि मी हे कोणाला बोललो नाही. कक्षातल्या माणसाने लॅपटॉपचा क्रमांक त्याच्या यंत्रात टाकला आणि मान वर न करता सांगितलं, "हा अस्तित्वात नाही."

लॅपटॉप टेबलावर, त्याच्या कोपराला टेकून होता.

"निकाली निघालाय," तो म्हणाला. "नसलेल्या वस्तूची दुरुस्ती कशी करू साहेब? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

खरंच शिकवलं होतं. त्यावर परिपत्रकही मीच काढलं होतं, आणि भाषा चांगली जमली होती.

आता बाजारात नेण्याला पर्याय नव्हता. मी नानांना सगळं स्पष्ट सांगितलं. डिस्क लॅपटॉपच्या पोटात आहे, लॅपटॉप बाहेर गेल्याशिवाय ती निघणार नाही. नानांनी विचार केला आणि म्हणाले, "मग मीही येतो." इस्त्रीचा शर्ट घालून ते टॅक्सीत बसले आणि लॅपटॉप माझ्याकडून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. रस्त्यात खड्डा आला की ते दोन्ही हात त्यावर ठेवत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. या म्हाताऱ्या माणसासाठी मला एवढं साधं काम करता येत नाही, याची मला फार लाज वाटत होती.

दुकानदाराने ट्रेच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकात टाचणी खुपसली आणि ट्रे निमूट बाहेर आला. मला त्या भोकाचा पत्ताच नव्हता. डिस्कला ओरखडा नव्हता. नानांनी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकली. दुकानदाराने ड्राइव्ह काढला, फुंकला, पुन्हा बसवला आणि निकाल दिला. ड्राइव्ह ठणठणीत आहे, दोष सॉफ्टवेअरचा, सॉफ्टवेअरवाले वरच्या मजल्यावर बसतात. वरच्या मजल्यावरच्यांनी लॅपटॉप उघडला, भराभर काहीतरी पाहिलं आणि निकाल दिला. सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, दोष ड्राइव्हचा, ड्राइव्हवाले खालच्या मजल्यावर बसतात. मी जिना चढत-उतरत राहिलो. खालच्यांकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह नव्हता आणि दुकानातल्या एकाही लॅपटॉपला ट्रे नव्हता. हल्ली कोण मागतं, मागवला तर पुढच्या आठवड्यात येईल, म्हणाले. वरच्यांनी लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने सगळं भरायची तयारी दाखवली, तेही पुढच्याच आठवड्यात. नाना रविवारी जाणार होते. त्यांच्या मुलाच्या घरी सगळं फोनवर चालतं, डिस्क कशाशी खातात हे तिथे कोणाला ठाऊक नाही.

परतताना नानाच म्हणाले, "राहू द्या जावईबापू. तुम्ही पुष्कळ केलंत."

त्यांनी रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बायको मीठ-पाण्याचे विषय सोडून पहिल्यांदाच बोलली. "नानांनी तुमच्याकडे आयुष्यात एक गोष्ट मागितली," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. भांडी आपटली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

शनिवारी ऑफिसात माझं लक्ष लागत नव्हतं. समोर रजेच्या फायली होत्या. आमच्याकडची रजेची पद्धत जरा सांगायला हवी. पूर्वी आमचे एक साहेब होते, शिस्तीचे. रजेची प्रत्येक फाइल पुढे जाण्याआधी आपल्या, म्हणजे साहेबांच्या, टेबलावर आली पाहिजे, असा त्यांनी लेखी आदेश काढला होता. पुढे साहेब निवृत्त झाले, आम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं केली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पण आदेश काही रद्द झाला नाही. त्यामुळे रजेची फाइल आजही साहेबांच्या रिकाम्या टेबलावर जाते, नियमाप्रमाणे तिथे पडून राहते, आणि मग "साहेब उपलब्ध नाहीत" असा शेरा मारून मी ती पुढे पाठवतो. तोवर अर्जदार बहुधा रजा न घेताच बरा झालेला असतो. नवीन आलेले लोक याला हसतात. मी हसत नाही. आदेश देणारा माणूस गेला म्हणून आदेश जात नसतो.

शेरा लिहिता लिहिता माझं पेन थांबलं.

मी गेल्या महिन्यात डिस्कवर मजकूर उतरवायचा प्रोग्रॅम काढून टाकला होता. प्रोग्रॅम गेला. पण त्याने जाण्यापूर्वी लॅपटॉपला काही सांगून ठेवलं असेल तर? ड्राइव्हकडे जाणारी प्रत्येक गोष्ट आधी माझ्या टेबलावरून गेली पाहिजे, असं? मग लॅपटॉप बिचारा प्रत्येक वेळी ड्राइव्हची फाइल त्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवत असणार आणि तिथून ती कोणी पुढे पाठवत नसणार. तिथे शेरा मारायला माझ्यासारखा अधीक्षक नव्हता.

मी वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला आणि माझा मुद्दा मांडला. साहेबांसकट मांडला, कारण साहेबांशिवाय तो समजला नसता. त्यांनी साहेबांचा भाग पुन्हा सांगायला लावला.

"असं होतं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही प्रोग्रॅम काढला होता, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी हे वाक्य खिडकीच्या या बाजूने म्हणत आलो आहे, पण ते म्हणताना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी नानांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मेहुणा येऊन चहा पीत बसला होता आणि घड्याळाकडे बघत होता. वरच्या मजल्यावरच्यांना तेव्हाच सवड होती, म्हणून मी फोन कानाला लावून, ते सांगतील तसं लॅपटॉपच्या आतल्या नोंदींत शिरलो. तिथे खरोखर निवृत्त प्रोग्रॅमचं नाव आदेशासकट बसलेलं होतं. मी ते आधी वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचून दाखवलं, कारण आदेश रद्द करताना घाई करायची नसते, आणि मग काढून टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. हार्ड डिस्कच्या खाली, पांढऱ्या जागेत, ड्राइव्हचं चित्र येऊन बसलं होतं.

मी नुसतं "नाना" अशी हाक मारली. नाना आत गेले. मेहुणा म्हणाला उशीर होतोय, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून आले आणि समोर बसले. खिशातून रुमाल काढला.

पडद्यावर लग्नाचा हॉल आला. खुर्च्या, माणसं, गोंगाट. मग कोपऱ्यात एक बारीक, भरघोस मिशांचा तरुण दिसला. तो व्हिडिओवाल्याच्या दिव्याच्या प्लगशी उकिडवा बसून काहीतरी करत होता. बायको म्हणाली, "अहो, हे तुम्ही." मी होतो. दिवा लुकलुकत होता आणि मी मदत करत होतो.

तेवढ्यात चौकटीबाहेरून आवाज आला. जरासा घोगरा, ठसठशीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"अहो व्हिडिओवाले, आमच्या जावयांना त्याला हात लावू देऊ नका. माणूस सोन्यासारखा आहे, पण हात लावतील ती वस्तू बंद पडते."

आणि दिवा गेला, त्याच्याबरोबर सगळ्या हॉलचे दिवेही गेले. पडदा काळा झाला. मेहुणा मोठ्याने हसला, समोरच्या काकू आमच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे, त्याही हसल्या. माझे कान तापले. एवढ्या वर्षांनी, इतक्या खटपटीनंतर, मी माझ्याच हातांनी हे ऐकवलं होतं.

पण चित्रण थांबलं नव्हतं. दिवा नव्हता तरी कॅमेरा बॅटरीवर चालू राहिला होता आणि व्हिडिओवाल्याने बहुतेक तो हातातच धरून ठेवला होता. अंधारात गोंगाट होता, आणि त्यात अगदी जवळून, आता हळू आवाजात, सासूबाई बोलत होत्या. हॉलला ऐकवायचा आवाज नव्हता तो, घरातला होता.

"इथेच बसा हं, दिवे येईपर्यंत उठू नका, पाय अडखळेल. सकाळपासून उभे आहात. पोरगी जाणार म्हणून वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. आपण दोघं आहोत की. गोळी घेतलीत का?"

चित्रणात नानांचं उत्तर ऐकू आलं नाही, गोंगाटात विरलं.

"घेतली," नाना म्हणाले. आमच्या खोलीत, खुर्चीत बसून, काळ्या पडद्याकडे बघत.

कोणीच हसत नव्हतं आता. बायको नानांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. पडद्यावर दिवे आले, वाजंत्री सुरू झाली, गर्दी आली, आणि आवाज त्यात हरवला. पुढच्या सगळ्या चित्रणात सासूबाई दोन-तीनदा दिसल्या, हसल्या, पण बोलल्या नाहीत. जे काही बोलणं होतं ते त्या अंधारात होतं.

नानांनी डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही दिवा घालवलात ना, तिथपासून परत लावा."

मी मागे नेलं. बटण दाबलं, आणि मग दोन्ही हात उचलून मांडीवर घेऊन बसलो.